सोनाबाईंचा दुभाषी

"मोबाईल खाली गेला की नुसतं कपाळच दिसतंय," वनिता म्हणाली आणि तांदळाच्या डब्यावर तिनं अजून एक डबा चढवला.

"दिसू दे की. जजसाहेबांना वाचायला बरं," सोनाबाई म्हणाल्या.

त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. हुबळीहून धारवाडच्या कोर्टापर्यंत जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून घरूनच व्हिडिओ कॉलवर साक्ष द्यायची परवानगी मिळाली होती. मागं मोकळी भिंत हवी, म्हणून त्यांच्या लेकीनं, वनितानं, कॅलेंडर उतरवलं. खोलीत सोनाबाई आणि कोर्टाचा कारकून, तिसरं कुणी नको.

खटला दुर्गदबैल बाजारातल्या एका गोदामाच्या मालकावर, सुमंतवर होता. सोनाबाईंचा मुलगा सतीश त्याच्याकडं कामाला. धान्यात भेसळ होते अशी तक्रार त्यानं केली, आणि दोघांनी त्याचा उजवा हात मोडला. मारणारे पकडले गेले. सुमंत म्हणत होता, माझा काय संबंध?

संबंध सोनाबाईंनी ऐकला होता. त्या दिवशी त्या सतीशचा डबा घेऊन गेल्या होत्या. सुमंतनं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि त्यांच्यासमोरच दोघांना सांगितलं, "त्याचा हात मोडा. पुढचं मी बघतो." सोनाबाई चहा टाकून सतीशला शोधत धावल्या, पण उशीर झाला होता.

अडचण एवढीच की सुमंत बोलला होता कन्नडमध्ये.

लग्न होऊन हुबळीत आल्याला उभा जन्म गेला, तरी सोनाबाईंना कन्नड आलं नाही, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक. भाजीवाल्या लक्कव्वाशी त्या बोटांनी घासाघीस करायच्या. संध्याकाळी कन्नड मालिका बघायच्या त्याही चेहरे बघून. रडायच्या मात्र बरोबर जागी.

"आई, समोरचा वकील हेच धरणार. तुला कळलं कसं?"

"त्याच्या तोंडावरून."

"तोंडावरून कोर्टात चालत नाही गं."

"मग कशावरून चालतं?"

वनिताला हसू आलं. गेल्या आठवड्यात सुमंतची माणसं दमदाटी करायला आली, तर आईनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं. साखर जास्त का घातलीस, म्हटल्यावर म्हणाली, "जाताना तरी तोंड बरं असू दे." असल्या बाईला शिकवायचं तरी काय?

तेवढ्यात योगेश, वनिताचा नवरा, दवाखान्यातून आला. कालच सतीशच्या हाताचं पुन्हा ऑपरेशन झालं होतं. इस्त्रीची साडी नेसून सोनाबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांच्या बाजूनं आत जाऊन योगेश वनिताशी कन्नडमध्ये काही बोलला. आवाज खाली करायची गरज नव्हती. आईपासून लपवायचं ते या घरात कन्नडमध्येच चालायचं.

वनितानं कट्ट्याला हात टेकला.

"काय म्हणतोय?" सोनाबाईंनी विचारलं.

"गॅस संपत आलाय म्हणतात."

"मग दुसरा लावा की." सोनाबाईंनी हातातले दाणे सालींच्या ढिगात टाकले, आणि मग एकेक करून वेचून घेतले. "सतीश घरी आला की उसळ कर. बरा होईल तो."

"होय की," वनिता भिंतीकडं बघत म्हणाली.

कारकून आला. मोबाईल फिरवून त्यानं खोली कोर्टाला दाखवली. वनिता आणि योगेश दाराबाहेर थांबले.

सुमंतचा वकील कन्नडमध्ये विचारायचा, कोर्टातला दुभाषी मराठीत सांगायचा, मगच सोनाबाई उत्तर द्यायच्या. अजिबात घाई नाही. वकिलाच्या मागं उभा असलेला सुमंत निवांत होता.

"तुम्हाला कन्नड येतं का?" दुभाष्यानं विचारलं.

सोनाबाईंनी एकदा दाराकडं बघितलं.

"येतं," त्या म्हणाल्या. मग दुभाष्याला हातानं थांबवून त्या थेट जजसाहेबांशी अस्सल धारवाडी कन्नडमध्ये बोलू लागल्या. सुमंतचं बोलणं त्यांनी त्याच्याच सुरात, शब्दन्‌शब्द सांगितलं.

दाराबाहेर योगेशनं वनिताकडं बघितलं.

"ही दोन वाक्यं पढवलेली आहेत, साहेब," वकील म्हणाला.

"मग आज सकाळचं सांगते," सोनाबाई कन्नडमध्येच म्हणाल्या. "हे तर मला कुणी पढवलेलं नाही. जावई माझ्या लेकीला म्हणाला, सतीशचा हात आता कधीच उठणार नाही, आईला कळू देऊ नको."