पाहुण्यांनी न खाल्लेली खारी

शलाकाला बघायला बेकरीवाले आले, तेव्हा तिच्या बाबांनी मोठ्या कौतुकाने त्यांच्याच बेकरीची खारी बशीत मांडली. स्वतः एक चहात बुडवली. रोजची सवय, मधे बायपास झाली, तेवढाच खंड.

पाहुण्यांपैकी कुणी बशीला हात लावेना.

"घ्या ना, तुमचीच आहे," बाबा म्हणाले.

मुलाची आई हसली. "आम्ही नाही हो खात. सगळं वनस्पती तूप. तेलात हायड्रोजन सोडून घट्ट केलेलं. ट्रान्स फॅटने रक्तवाहिन्या तुंबतात. आमच्याकडे साजूकच लागतं."

एवढं ज्ञान पुड्यावर कधी छापलेलं नव्हतं.

"मग लोकांना का विकता?" शलाकाने विचारलं.

"लोण्याची खारी परवडेल का लोकांना?" मुलगा चहा फुंकत म्हणाला. "आम्ही त्यांचाच विचार करतो."

बाबांनी भिजलेली खारी हळूच बशीत ठेवली.

"व्याहीबुवा, तुम्हीही सोडा आता," मुलाची आई मायेने म्हणाली. "घरचे होणार म्हणून सांगते. बाहेर मात्र बोलू नका."

शलाकाने उठून दार सताड उघडलं. "मग आम्ही बाहेरचेच बरे," ती म्हणाली, "आणि बोलणार तर आहोतच."