मागचे स्पीकर

वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या मिस्त्रीची त्या दुपारी मती गुंग झाली.

काम तसं त्याच्या डाव्या हातचा मळ होतं. शाळेतल्या बाईंच्या गाडीत कंपनीचा जुना रेडिओ होता. त्याच्या पाठीमागून वायर काढून बाईंचा काडेपेटीएवढा म्युझिक प्लेअर जोडायचा, बस. त्याने जोडला. बासरी लागली आणि तिच्याबरोबर कोणीतरी गुणगुणू लागलं.

"बाई, यात गातंय कोण?" त्याने खिडकीतून विचारलं.

"कोणी नाही. नुसती बासरी आहे."

त्याने बटण फिरवून सगळा आवाज मागे वळवला. पुढचे स्पीकर गप्प झाले, बासरी थांबली. गुणगुणणं मात्र मागच्या सीटकडून चालूच राहिलं.

"मागचे स्पीकर कधी बसवले?"

"मागे स्पीकर नाहीतच हो."

मिस्त्री चक्रावला. बाईंना पुढे बसवून तो मागे गेला आणि कडेचं पॅनल खोलू लागला. निघालेला एकेक स्क्रू सवयीप्रमाणे ओठांत धरत गेला. आत कोरा पत्रा होता, साधी वायरसुद्धा नव्हती. त्याने कान लावून पाहिला. आता काहीच ऐकू येत नव्हतं. चला, मिटलं एकदाचं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात पुढे बसलेल्या बाई हसल्या. मान न वळवता म्हणाल्या, "म्हणजे मघाशीही तुम्हीच होता तर. आता तर शब्दही कळतायत. छान गाता की. थांबू नका."

मिस्त्रीच्या ओठांत चार स्क्रू घट्ट धरलेले होते.