तापलेली नळी

कडं पूर्ण फिरलं आणि टक् असा आवाज झाला.

"बसली नळी?" तरुण इंजिनिअर बाईंनी विचारलं.

"बसली की," साहेब म्हणाले. तो आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. ही रायफल त्यांनीच तर घडवली होती. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी कारखान्यात सगळे त्यांना अजून साहेबच म्हणत.

"आता इथून बघा, सर." तिनं जोड भिंगाखाली धरला.

साहेबांनी पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कड्याचे दात खाचेत उतरलेच नव्हते, नुसते काठावर टेकले होते. या अवस्थेत चाप ओढला तर गोळीबरोबर नळीही जाणार, हे सांगायला कुणी इंजिनिअर लागत नव्हता.

"थंड नळी नीट बसते," ती म्हणाली. "गरम बसवली की आवाज होतो, पण दात अडकत नाहीत. दहादा केलं, सात वेळा हेच झालं."

साहेबांनी टेबलाची कड धरली. आयुष्यात हजार वेळा त्यांनी ती नळी बसवून दाखवली होती. पण नेहमी थंड, स्वच्छ टेबलावर, पाहुण्यांसमोर.

सांगाडा एक, नळ्या तीन. आखूड, मधली, लांब. जवानानं कामाप्रमाणे नळी बदलावी, बंदूक तीच. दोन वर्षं लोकांनी ती रायफल डोक्यावर घेतली होती. मोठमोठे अधिकारी तिच्यासोबत फोटो काढून गेले. आणि एका दुपारी चाचणीच्या मैदानावर, भरपूर गोळ्या झाडल्यावर नळी बदलली, आणि पहिल्याच गोळीला ती उडाली. चाचणी घेणाऱ्याची दोन बोटं गेली, एक कान गेला. तो साहेबांचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. दवाखान्यातल्या खाटेवरून त्यानं जबाब दिला, "मी घाई केली. कडं पुरतं फिरवलं नाही."

समितीनं साहेबांना बंद खोलीत बोलावून एकच वाक्य ऐकवलं. तुमच्याकडचा सगळ्यात पक्का हात जिथं चुकतो, तिथं भेदरलेला जवान काय करणार? झालं. तयार झालेल्या चाळीसच्या चाळीस रायफली भट्टीत गेल्या. ते वाक्य गुपित होतं, साहेबांनी बायकोलाही सांगितलं नाही. नुसतं मेहुण्याशी बोलणं टाकलं. एकोणीस वर्षं दोघांत विस्तव जात नव्हता. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नालाही बायको एकटीच गेली.

आणि आता वर कुणाला तरी ती रायफल पुन्हा आठवली होती. जुन्या आराखड्यांवरून तशीच एक नव्यानं घडवली होती, आणि शेजारी दुसरी, दुरुस्त केलेली.

"दुरुस्तीला किती दिवस लागले?" साहेबांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"आठ. दात जरा लांब केले, बस. तेव्हाच कुणी सांगितलं असतं ना सर, तर बंद पडलीच नसती." ती अगदी सहज बोलून गेली. "आता एकच अडलंय. जुन्या अहवालात घाईची चूक असं लिहिलंय. त्या दिवशी आवाज झाला होता का, एवढं त्या गृहस्थांनी लिहून दिलं की फाइल पुढे सरकेल. नाहीतर पुन्हा कपाटात. हयात आहेत का ते?"

"आहेत," साहेब म्हणाले.

मेहुण्याचं किल्ल्यांचं दुकान बस डेपोच्या मागच्या गल्लीत होतं. दुकान कसलं, कपाटाएवढी जागा. उरलेल्या आठ बोटांनी तो एक किल्ली कानशीनं घासत होता. साहेबांना बघून ताडकन उठला.

"ताईला काही झालं का?"

"ती बरी आहे."

त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं स्टूल पुढे सरकवलं. "बसा भावोजी. आणि या बाजूनं बोला, त्या कानानं ऐकू येत नाही."

कुठला कान गेला, हेसुद्धा आपल्याला आजवर माहीत नव्हतं. साहेबांना स्वतःची लाज वाटली. ते उभेच राहिले.

"त्या दिवशी कडं किती फिरवलं होतंस?"

मेहुण्यानं कानस खाली ठेवली.

"पूर्ण," तो म्हणाला.

"आवाज झाला होता?"

"झाला होता. स्वच्छ."

"मग घाई केली म्हणून का सांगितलंस?" साहेब इतक्या मोठ्यानं बोलले की शेजारचा चांभार मान वर करून बघू लागला.

मेहुणा ओशाळला, चोरी पकडल्यासारखा. "दहा वर्षं घातली होतीत तुम्ही तिच्यात. ताई म्हणायची, आम्हाला मूल नाही, ती बंदूकच आहे. बंदुकीत खोट निघाली की बंदूक बंद करतात, भावोजी. माणसात निघाली की माणूस बदलतात. म्हटलं, जाऊ दे माझ्या नावावर."

साहेब स्टुलावर बसले. तेव्हा हा खरं बोलला असता तर आठ दिवसांचं काम होतं. त्या बंद खोलीतलं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं. एकोणीस वर्षं ते याच्या तोंडावर फेकायचं होतं त्यांना.

"तरी बंद पडलीच ती," मेहुणा म्हणाला. "का, ते कुणी सांगितलंच नाही. तुम्ही बोलणं टाकलंत, तेव्हापासून एक विचारायचं राहिलंय." तो पुढे झुकला, चांगला कान साहेबांच्या तोंडाशी आणला. "माझ्या जबाबानं तिचं काही वाईट तर झालं नाही ना?"

"काडीचंही नाही रे," साहेब म्हणाले. "ती माझ्या चुकीनं बंद पडली."