उष्टी हवा

माझ्या माउथपीसला चघळलेल्या सुपारीची चव येत होती.

श्रीवर्धनजवळच्या बंद खाणीत पाणी साठलंय. तिथल्या बुडालेल्या बोगद्यात फकरुद्दीनसर मला गुहेतलं डायव्हिंग शिकवत होते. दोन्ही बगलांना एकेक सिलिंडर, प्रत्येकाचा माउथपीस वेगळा. थोडा वेळ उजव्यातून श्वास घ्यायचा, मग गळ्यात रबराने अडकवलेला डावा तोंडात धरायचा.

पण डावा दर वेळी कोमट लागायचा. बुळबुळीत. आज तर त्यातून सुपारीचं खांडच जिभेवर आलं. ओकारी दाबत मी वर आले आणि भडकले, "सर, माझा माउथपीस तुम्ही तोंडात घालता? शी!"

"तौबा! सुपारीला मी हात पण लावत न्हाय," म्हणत त्यांनी काटा बघितला. डावं सिलिंडर निम्मं झालं होतं. मी तर पहिल्याच श्वासाला तो माउथपीस थुंकला होता.

दुसऱ्या दिवशी मी नवा माउथपीस स्वतः बसवला. टॉर्च विझवून, दोरी धरून बोगद्यातून परतायचा सराव होता. सर पुढे होते. किळसेपायी मी डावा घ्यायचं टाळतच राहिले, आणि उजव्यातली हवा संपत आली.

नाइलाजाने हनुवटीखाली हात घातला. माउथपीस ओढला, तो येईना.

बोटांनी चाचपलं. त्याच्याभोवती दोन गिळगिळीत ओठ होते. मी पुन्हा ओढला, तसे त्यांच्या आतले दात आवळले.