फ्लॉवरची मूद

चौथ्यांदाही मूद ढासळली, तशी अच्युतरावांनी वाटी ओट्यावर आपटली. जन्मात कधी चहाचं आधण न ठेवलेल्या माणसाने सकाळपासून फ्लॉवर किसला होता, बोटाचं सालटं काढून घेतलं होतं आणि कढईत जिऱ्याच्या फोडणीवर तो परतलाही होता. पण मेला भातासारखी मूद धरेल तर शपथ!

शरयूची साखर वाढली आणि डॉक्टरांनी तिचा भात बंद केला. ती रत्नागिरीकडची, ताटात भात नसेल तर तिच्या लेखी ते जेवणच नव्हे. महिनाभर ती चार घास कसेबसे गिळून उठत होती. ब्लाउज अंगावर लोंबायला लागले होते.

शेवटी त्यांनी तो ढीग तसाच ताटात वाढला. वर चमचाभर तूप, बाजूला लिंबाची फोड आणि वाटीत पातळ वरण. "फ्लॉवर आहे. मूद काही जमली नाही," ते पुटपुटले.

शरयूने आधी ताटाकडे पाहिलं, मग त्यांच्या बोटावरच्या पट्टीकडे. "अहो, किसल्यावर फडक्यात पिळायचा ना, पाणी सुटतं त्याला." बोलता बोलता तिने ढीग बोटांनी गोळा केला, मधे आळं केलं आणि त्यात वरण ओतलं. अच्युतराव हातात डाव घेऊन उभेच राहिले.

लिंबाची साल रिकाम्या ताटाच्या कडेला ठेवत तिने विचारलं, "भात उरलाय का थोडा?"

"कढईभर आहे!" म्हणत अच्युतरावांनी अख्खी कढईच उचलून आणली.