हलतं तेच दिसतं

"बाबा, या संमतीपत्रावर अंगठा लावा. चाळीस सेकंद तुमचं हृदय आणि श्वास बंद ठेवू, मग परत सुरू," स्कॅन काढणारी शलाका म्हणाली. "हललं की चित्र पुसट येतं."

रावज्या वरठ्याने अंगठा मुठीत दडवला. "पन्नास वर्षं तारपा फुंकतोय, बाय. नाच संपेपर्यंत श्वास तुटू देत नाही. तुझ्या चित्रासाठी तोडू? यंत्रालाच माझ्या ठेक्यात चालव."

शलाका वैतागली, पण सक्ती करता येत नव्हती. तिने अडगळीत पडलेली जुनी पद्धत लावली. तिच्यात यंत्र ठोक्याठोक्याला, श्वास ठरावीक जागी आला की तेवढ्याच क्षणाचं चित्र टिपायचं. म्हातारा डोळे मिटून मनातल्या मनात तारपा वाजवू लागला. प्रत्येक श्वास आधीच्याएवढाच.

पडद्यावर धडधडतं हृदय रेखीव उमटलं. खालचा एक कोपरा मात्र हलत नव्हता. थांबवलेल्या हृदयात हा दोष दिसलाच नसता.

सकाळपासून तिने अकरा हृदयं थांबवली होती. अकराही जण ठणठणीत म्हणून घरी गेले होते.

शलाकाने संमतीपत्रांचा गठ्ठा कचऱ्यात टाकला आणि पहिल्या माणसाला परत बोलवायला फोन उचलला.