डाग नसलेली पत्रं

"इथे पुन्हा काळं," मंदाकिनी म्हणाली आणि तिने पत्र सुमतीपुढे धरलं. लष्कराच्या तपासणीत दोन ओळी दाट शाईखाली गेल्या होत्या.

सुमती दुसरीपर्यंत शिकलेली. तिचा नवरा आनंद काश्मीरच्या आघाडीवर होता. त्याची पत्रं शेजारची मंदाकिनी वाचून दाखवायची, उत्तरंही तीच लिहून द्यायची. ठाण्याच्या खोपट भागातल्या त्या बैठ्या चाळीतून १९४८ साली लढाईवर गेलेले दोघेच. आनंद आणि मंदाकिनीचा नवरा त्र्यंबक.

"केवढी गुपितं ठाऊक असतील गं त्याला!" चाळीतल्या गोदूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "मंदे, तुझ्या त्र्यंबकच्या पत्राला मात्र एक डाग नाही. धोब्याकडून येतं की काय?"

बायका हसल्या. मंदाकिनीही हसली.

त्र्यंबक बी. ए. होता, आनंद मॅट्रिक नापास. पण त्र्यंबकच्या पत्रांत थंडी, संपत आलेलं लिंबाचं लोणचं आणि एकच रडगाणं असायचं. दिवसभर बसून कागद वाचतो, डोळे दुखतात. काम काय, ते त्याने कधी लिहिलं नाही. तो कुठेतरी मागे बसून पोती मोजत असणार, असं चाळीने ठरवून टाकलं होतं. मंदाकिनीलाही तसंच वाटू लागलं होतं.

मग त्याचं एक पत्र आलं. शेवटी लिहिलं होतं, "सुमतीवहिनींना आता सातवा असेल. त्यांना पाणी भरू देऊ नकोस."

मंदाकिनीने ती ओळ तीनदा वाचली. सुमतीला दिवस गेल्याचं तिने त्याला कळवलंच नव्हतं. मुद्दामच. तिच्या स्वतःच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. आनंदने कधी त्र्यंबक भेटल्याचं लिहिलं नव्हतं.

"आमच्या ह्यांना पत्र पाठवलंस का गं?" विहिरीवर तिने सहज विचारावं तसं विचारलं. "गणू पोस्टमनकडून वगैरे लिहवून?"

"मी? तुम्ही असताना गणूकडे कशाला जाऊ?" सुमती हसली. "का हो, मंदाताई?"

"काही नाही."

त्या दिवसापासून सुमतीची घागर सुमतीलाच उचलावी लागली.

पुढच्या आठवड्यात आनंदचं पत्र आलं. त्यात एकही काळी ओळ नव्हती. मंदाकिनीने वाचलं, "समज, मी आपल्या खोपटात आहे. मधे माजिवड्याचा ओढा. येत्या संकष्टीला तू चंद्र पाहून उपास सोडशील, तेव्हा आम्ही बाळकुमला जेवायला बसलेलो असू."

"काश्मिरात कुठलं आलंय बाळकुम?"

सुमतीने आजूबाजूला पाहिलं. "खऱ्या गावांची नावं खोडतात ना, म्हणून ह्यांनी ही युक्ती काढलीय. कुठून निघाले, कुठवर जाणार, ते मला कळावं म्हणून. कुणाला सांगू नका हं."

"मी कशाला सांगते? पत्र राहू दे माझ्याकडे. संध्याकाळी पुन्हा वाचू."

संध्याकाळी तिने सांगितलं, चुकून बंबात गेलं. सुमती रडली. मंदाकिनीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी ती कल्याणला गेली. निर्वासितांच्या बराकींपलीकडे लष्कराचं एक ऑफिस होतं. तिथला कॅप्टन नागपूरकडचा. तिने पुढे केलेल्या पत्रातलं ते वाक्य त्याने दोनदा वाचलं.

"बाळकुम म्हणजे?"

"आमच्या ठाण्याजवळचं गाव. खोपटाहून तासाभराची वाट."

कॅप्टन ताठ बसला. "म्हणजे ओढा ओलांडून तासाभराची चाल. संकष्टीच्या संध्याकाळी, चंद्र उगवायच्या आत."

"एवढ्याशा वाक्याने काय होतं?"

"बाई, पुढच्या ब्रिगेडबरोबर आमची चार-पाच माणसं असतात. एक कैद्यांना बोलतं करतो. एक नकाशावर शत्रूच्या जागा मांडतो. एक जवानांची पत्रं तपासतो. शत्रूचं आपल्याला कळावं आणि आपलं शत्रूला कळू नये, एवढंच त्यांचं काम. हल्ल्याची वेळ त्यांच्या कागदांवरून ठरते. अशी चार पत्रं शत्रूच्या हाती लागली, तर तो वाट पाहत बसेल."

"आनंदला काय शिक्षा होईल?"

"त्याला ताकीद मिळेल. जवान बायकोला लिहिणारच." त्याने पाकीट उलटलं. मागे 'तपासले' असा शिक्का होता, त्यात तपासणाऱ्याचा सातचा आकडा. तो त्याने टिपून घेतला. "तुमचं नाव?"

"नाव नको."

"बरं. देशाचं काम केलंत."

नुसती ताकीद! परतताना मंदाकिनीला ते खुपत राहिलं.

संकष्टी होऊन गेली. पंधरा दिवसांनी गणू त्र्यंबकचं पत्र घेऊन आला. तिने ते दारातच उघडलं. पहिल्याच पानावर चार ओळी काळ्या होत्या.

"गोदूबाई, या!" ती ओरडली. "धोब्याकडून आलंय का बघा!"

बायका जमल्या. सुमती कमरेवर हात ठेवून सावकाश येऊन बसली. मंदाकिनीने कागद सगळ्यांना फिरवून दाखवला आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

"प्रिय मंदा, वरच्या ओळी दुसऱ्याने खोडल्या असतील. आजवर आनंदच्या पलटणीची मराठी पत्रं मीच तपासत होतो. ते सांगायची मनाई होती."

"अगं बाई!" गोदूबाई म्हणाल्या. "म्हणजे आनंदच्या पत्राला काळं फासणारा तुझाच नवरा!"

मंदाकिनी चढ्या आवाजात पुढे वाचू लागली. "आनंदची खुशाली मला त्याच्या पत्रांतून कळायची, पण त्याला भेटून तसं सांगता येत नव्हतं. त्याचं ते बाळकुमही मला कळलं. दुसऱ्या कुणाला कळणार नाही, पण ठाण्याच्या माणसाला कळणारच. वहिनींचे दिवस भरत आलेत, म्हणून खोडायला हात धजला नाही."

ती थांबली.

"वाचा ना, मंदाताई," सुमती म्हणाली.

"आनंद सुखरूप आहे. हल्ल्याची वेळ बदलली. सोमवारी माझं कोर्टमार्शल आहे."

सुमतीने मंदाकिनीचा हात घट्ट धरला. आता एकच ओळ उरली होती. तिच्यावर शाई नव्हती.

"तक्रार आपल्या ठाण्यातूनच गेली म्हणतात. कुणी केली, ते तुझ्या कानावर आलं तर मला कळव."